भूक नसतानाचे उपास

त्या वर्षी मला उपास फार सोपे जायला लागले. आधी सोमवार धरले, मग चतुर्थी, एकादशी तर होतीच, पुढे गुरुवारही त्यांत आला. कार्तिक लागेपर्यंत मी आठवड्यातून धड जेवायची ते कधी, हे शोधूनच काढावं लागलं असतं. आमच्या घरात कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. उलट माझ्या सासूबाईंना, ज्यांना सगळे माई म्हणतात, माझं मोठं कौतुक वाटायला लागलं. रत्नागिरीकडचं घरदार सोडून मुलामागे परमुलखात आलेली बाई ती. इथे सून धर्माची निघाली याचाच तिला केवढा आधार.

मला जे झालं होतं त्याचं नाव पुढे डॉक्टरांनी सांगितलं, डिप्रेशन. मराठीत त्याला काय म्हणावं ते मला अजून नीट ठाऊक नाही. उदासपणा म्हणावं तर उदास कोण होत नाही? उदास माणूस रडतो तरी. मला रडूसुद्धा येत नव्हतं. आता मी बरी आहे. जेवते, झोपते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते. हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की माझ्या आजाराची सगळी लक्षणं आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वावरत होती आणि आम्ही त्यांना पुण्याई समजत होतो. तुमच्या घरी तसं होऊ नये.

लिहिताना अपराधी वाटतंय, हेही आधीच सांगून टाकते. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडते आहे म्हणून वाटतंय, की ती माझी सवयच झाली आहे म्हणून, हे मला अजून नेहमी ओळखता येत नाही.

*

आम्ही बंगलोरला आलो ते यांच्या नोकरीमुळे. हे पुण्याला इंजिनियर झाले आणि इथल्या एका सरकारी कारखान्यात लागले. सकाळी कोपऱ्यावर कारखान्याची बस येई आणि संध्याकाळी तीच परत आणून सोडी. आम्ही बसवनगुडीच्या बाजूला एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे मधे मोकळं अंगण, अंगणात आड, आणि भोवती ओळीनं लहान लहान बिऱ्हाडं. पुण्याची चाळ जमिनीवर मांडी घालून बसली तर अशीच दिसेल.

शेजारच्या बिऱ्हाडात तुळसक्का राहायच्या. त्याही मराठीच, पण त्यांची माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेली. त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी ऐकून मला पहिल्या पहिल्यांदा हसू यायचं आणि माझं पुणेरी ऐकून त्यांना. त्यांचे यजमान मार्केटातल्या कापडाच्या दुकानात कामाला होते. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती, म्हणून आमच्या पाच वर्षांच्या मुलीचा, नंदूचा, निम्मा दिवस त्यांच्याच उंबऱ्यावर जाई.

इकडे कुणी भेटलं की 'कशा आहात' असं विचारत नाहीत. 'ऊटा आयता?' असं विचारतात, म्हणजे जेवण झालं का. तुळसक्काही रोज आडावर मला तेच विचारायच्या. मी म्हणायची, "आज उपास आहे." तेवढ्यावर बोलणं संपायचं, आणि मलाही ते संपायलाच हवं असायचं.

या सगळ्याला कारण काहीच नव्हतं. हे लिहितानाही मला लाज वाटते. नवरा निर्व्यसनी, सासू प्रेमळ, मुलगी गुणी, हवा तर अशी की पुण्याचे पाहुणे मे महिन्यात शाल पांघरून बसत. आणि या सगळ्याच्या मधे मी अशी. पहाटे, अजून पूर्ण काळोख असताना, माझे डोळे टक्क उघडायचे आणि छातीवर कुणी पाटा आणून ठेवलाय असं वाटायचं. पडून राहणं सहन होईना म्हणून मी उठून अंघोळ करायची आणि देवापुढे जाऊन बसायची. माई उठून बघतात तो सून देवाजवळ. त्यांना भरून यायचं. मी काही जप करत नव्हते, काही मागतही नव्हते. आरोपीला कोर्टात बसवतात तशी बसलेली असायची.

काम व्हायचं, पण प्रत्येक काम डोंगराएवढं. पहिली पोळी लाटताना पुढच्या पोळ्या आठवायच्या आणि हात थांबायचे. नंदूच्या दोन वेण्या घालायला इतका वेळ लागायचा की ती मधेच उठून जायची. मी बोलेनाशी झाले. माई म्हणायच्या, आमची सुमन मितभाषी आहे. माझं वजन उतरलं. माई म्हणायच्या, तपाचं तेज आलंय. संध्याकाळ झाली की मात्र छातीवरचा पाटा थोडा हलका व्हायचा. हे बसमधून उतरून घरी यायचे त्या वेळी मी थोडीफार हसू शकायची. त्यामुळे यांना नेहमी संध्याकाळचीच बायको दिसली. सकाळची त्यांना ठाऊकच नव्हती.

आणि सगळं माझ्यामुळे होत होतं. दूध उतू गेलं, माझ्यामुळे. माईंचा खोकला जाईना, माझ्यामुळे. यांच्या हाताखालच्या माणसाला बढती मिळाली आणि यांना नाही, तेही माझ्यामुळेच. कसं ते विचारू नका, मला तेव्हा त्याचा धागान् धागा दिसत होता. एकदा मराठी बायकांच्या हळदीकुंकवात माईंनी चारचौघींत माझं कौतुक केलं. "आमच्या सुमनसारखे उपास आजकालच्या मुलींना झेपायचे नाहीत," म्हणाल्या. सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, इतक्या भल्या बाईला मी फसवते आहे, आता या घरात माझ्याएवढं खोटं माणूस दुसरं नाही.

पुढचं लिहायला हात अडखळतो, पण तेच लिहायला हवं. मी नसले तर या सगळ्यांची सुटका होईल, असा विचार येऊ लागला. त्याची मला भीती वाटली नाही. तो मला जबाबदारीचा विचार वाटला, घरखर्चात काटकसर करावी तसा. असा विचार तुमच्या मनात शहाणपणाचा वेष घेऊन आला, तर तो त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी बोलून दाखवा. मी बोलले नाही. मला दुसऱ्या कुणीतरी पकडलं.

*

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग असतात. आदल्या वर्षी तिथे जाऊन मी आणि नंदूनं इतक्या शेंगा खाल्ल्या होत्या की दोघींची पोटं बिघडली. त्या वर्षी मी गेले नाही. सोमवार आहे, उपास आहे, असं सांगितलं. नंदूला तुळसक्का घेऊन गेल्या.

परत आल्यावर नंदू फ्रॉकच्या ओच्यात गरम भाजलेल्या शेंगा घेऊन धावत आली. मी पायरीवर बसले होते. तिनं एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या तोंडाशी धरले.

"मला उपास आहे ना," मी म्हटलं.

"दाणे उपासाला चालतात," नंदू म्हणाली. "आजीच देते की मला."

बरोबरच होतं तिचं. आमच्याकडे उपासाला दाणे चालतात, साबुदाणा चालतो, वऱ्याचे तांदूळ, रताळी, केळी, दूध, सगळं चालतं. खरं सांगायचं तर उपासाच्या दिवशी आम्ही रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच खातो. माई दर उपासाला माझ्यासाठी खिचडी करायच्या आणि मी म्हणायची, आज नुसतं पाणी. त्यांना ते आणखी मोठं व्रत वाटायचं.

नंदूचा हात तसाच माझ्या तोंडाशी होता. मी तोंड उघडू शकले नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग दाणे स्वतःच्या तोंडात टाकले आणि निघून गेली. तुळसक्का अंगणात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसल्या.

"सुमना, खरं सांग. संध्याकाळ होतां तुला भूक लागती की नाही गे?"

"नाही."

"उपास करणाऱ्याला भूक लागती. आम्ही बी करतो की. दुपारपासून डोळे चुलीकडंच असतात आमचे." मग त्यांनी आवाज उतरवला. "झोप?"

मी मान हलवली.

"पहाटे अंधारात उठून बसतीस, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. माझ्या थोरल्या अण्णाला असंच झालतं. कोण काय बोलले नाहीत. भक्ती वाढली म्हणाले. मग एक दिवस अण्णा घरात नव्हता. तलावाच्या काठावर सापडला, नशिबानं कोणीतरी बघितलंतं म्हणून वाचला. मग इस्पितळात नेला त्याला." त्यांनी माझा हात धरला. "हे उपास नव्हे सुमना. तू आजारी हायस."

मला वाटलं मी चिडेन. पण मी म्हणाले, "अक्का, मला नंदूची भीती वाटते. म्हणजे माझ्यामुळे तिला काही होईल याची." आणि मग तो जबाबदारीचा विचारही सांगून टाकला. त्यांनी हात सोडला नाही. संध्याकाळी हे बसमधून उतरेपर्यंत त्या पायरीवरून उठल्या नाहीत, आणि मलाही उठू दिलं नाही.

*

त्या संध्याकाळी आमच्या घरात जो गोंधळ झाला तो माझ्याच्यानं लिहवत नाही. थोडक्यात सांगते. इस्पितळाचं नाव निघताच यांचा चेहरा पडला. त्या काळी लोक त्याला सरळ वेड्यांचं इस्पितळ म्हणत. कारखान्यात कळलं तर काय, हा विचार यांच्या मनात आला असणार. बोलून मात्र दाखवला नाही. माई तुळसक्कांवर संतापल्या.

"माझ्या सुनेच्या धर्मकर्माला तुम्ही वेड म्हणता?"

"मी आजार म्हणालें माई," तुळसक्का शांतपणे म्हणाल्या. "ताप आला तर वेड म्हणतो काय आपण?"

दुसऱ्या दिवशी यांनी रजा घेतली आणि आम्ही तिघं गेलो. तुळसक्का आल्या कारण डॉक्टर कानडी होते आणि माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं तेव्हा यांनीच आधी उत्तर दिलं. "ती जरा जास्त धार्मिक आहे," असं काहीतरी इंग्रजीत म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

मग एकेक प्रश्न. झोप किती वाजता मोडते? दिवसाचा कुठला वेळ जड जातो? पूर्वी आवडायचं आणि आता नकोसं झालंय असं काय? वाचलेलं लक्षात राहतं का? जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का? तुळसक्का मराठीत सांगायच्या, मी उत्तर द्यायची, आणि मला नवल वाटत होतं. या अनोळखी माणसाला माझ्या पहाटा कशा ठाऊक? शेवटी त्यांनी विचारलं, आपल्याला देवानं शिक्षा दिली आहे असं वाटतं का?

"अजून दिली नाही," मी म्हणाले. "म्हणून तर भीती वाटते."

तुळसक्कांनी ते कानडीत सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते बराच वेळ सावकाश बोलले आणि तुळसक्कांनी ते असं सांगितलं: "डॉक्टर म्हणतात, ज्वर आला की अंग तापतं. ह्या आजारात मन असं तापतं. तुला जो गुन्हा वाटतो ना, तो बी तापच. गुन्हा केलास म्हणून आजारी नव्हेस. आजारी हायस म्हणून गुन्हा वाटतो."

हे वाक्य मी आता कितीजणींना सांगते. त्या दिवशी मात्र माझा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. माझ्या मनात आलं, मी आळशी आणि पापी आहे आणि आता मी डॉक्टरांनाही फसवलं. एका खऱ्या आजारी माणसाची खाट मी अडवणार. हाही तापच होता, पण तो उतरल्याशिवाय कळत नाही.

*

इस्पितळाबद्दल लोकांना भलतंच कुतूहल असतं. साखळदंड होते का, किंकाळ्या ऐकू येत का. आमच्या बायकांच्या विभागात एक लांब व्हरांडा होता आणि पुढे झाडं. सकाळी घंटा व्हायची, ॲल्युमिनियमच्या पेल्यात कॉफी मिळायची, मग गोळ्या, मग अंघोळीची रांग. दुपारी भात आणि सारू, म्हणजे इकडची पातळ आमटी. काही बायका व्हरांड्याच्या टोकापासून टोकापर्यंत चालत राहायच्या. मीही त्यातलीच एक आहे हे पटायला वेळ लागला.

मला गोळ्या दिल्या आणि विजेचे उपचारही दिले. त्या उपचाराच्या दिवशी सकाळी कॉफी नसे, तेवढ्यावरून कळे. त्याची मला फार भीती वाटायची. नंतर डोकं जड व्हायचं आणि काही गोष्टी आठवायच्या नाहीत. एकदा आमच्या वठारातल्या आडाला रहाट आहे की नाही, हेच मला आठवेना आणि मी दिवसभर त्याच्याच मागे लागले. ज्यांना हे घ्यावं लागणार आहे त्यांना एवढंच सांगते, त्यातल्या बऱ्याच आठवणी पुढे परत आल्या, सगळ्या नाहीत.

माझ्या शेजारच्या खाटेवर आनेकलची गौरम्मा होती. तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी बेताचंच. ती रोज दुपारी माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणायची, "स्वल्प." थोडं तरी खा. मी दोन घास खाल्ले की मग ती स्वतः जेवायला सुरुवात करायची. एकदा तिनं माझ्या केसांतला गुंता सोडवून दिला. सबंध दुपार तिला त्यात गेली. कुणीतरी आपल्याला घाई न करता हात लावतंय याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे माझ्या लक्षात आलं. कितीतरी दिवसांत मला काही बरं वाटलंच नव्हतं.

*

भेटीच्या दिवशी हे यायचे. बरोबर आणलेली संत्री सोलत बसायचे. एका रविवारी नंदूला घेऊन आले. झाडाखाली बसलो. नंदू आधी लाजली, मग माझ्या मांडीवर आली आणि घरच्या बातम्या सांगू लागली. तुळसक्काच्या मांजरीला पिल्लं झाली. आजी आता भात खात नाही.

"का ग?"

"तू बरी होऊन घरी आलीस की मग खाणार. तिनं देवाला सांगितलंय."

हे संत्र्याच्या सालींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

कोकणातल्या माणसाला भात म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेल. माई लहानपणापासून सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात अशा वाढलेल्या. पोळीला त्या जेवण म्हणतच नसत. दात तर जवळजवळ सगळे गेलेले. आता त्या नाचणीची भाकरी ताकात भिजवून खात होत्या, दोन्ही वेळा. नवस बोलताना त्यांनी त्यांना सगळ्यात अवघड असं तेच नेमकं सोडलं होतं.

तुम्ही म्हणाल, केवढी माया. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण मी त्या झाडाखाली बसून हिशेब केला तो असा: एक म्हातारी बाई उपाशी राहते आहे आणि तिच्या घासाच्या आड मी बसले आहे. इतके दिवस मी उपास करत होते, आता माझ्यापायी दुसरं कुणी करतंय. गोळ्यांनी थोडा उतरलेला ताप त्या दुपारी पुन्हा चढला. माझ्या पापांच्या यादीत पहिल्यांदाच एक दिसणारी, खरीखुरी गोष्ट आली होती.

मग मी बरी व्हायचं ठरवलं. म्हणजे बरी दिसायचं. ते अवघड नव्हतं. डॉक्टर काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. झोप लागते? हो, चांगली लागते. भूक? लागते. सकाळी कसं वाटतं? छान, फुलं बघावीशी वाटतात. फुलांचं मी पदरचं घातलं. काळोखात डोळे उघडले की मी तशीच निपचित पडून राहायची, म्हणजे रात्रीच्या नर्सला झोपलेली दिसेन. पानातलं सगळं संपवायची, पाण्याच्या घोटाबरोबर गिळून. गौरम्मा मात्र माझ्याकडे टक लावून बघायची. मी तिच्याकडे बघायचं टाळायची.

थोडी सुधारणा झालीही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे डॉक्टरांना माझं पटलं. गोळ्या चालू ठेवायच्या आणि दर पंधरवड्याला येऊन दाखवायचं, या अटीवर त्यांनी मला घरी सोडलं.

*

घरी आले तेव्हा माई दारात भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. त्यांचा हात बघून मला धक्का बसला. बांगड्या कोपरापर्यंत मागे जात होत्या. त्या माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "आली माझी लेक," आणि आत वळल्या, कारण त्यांना रडू आलं होतं.

नवस फेडायचा दिवस गुरुवार ठरला. गावाहून खास तांदूळ मागवले होते. माईंनी सोवळ्यात स्वतः स्वयंपाक केला. भात, साधं वरण, अळूची भाजी, खीर. तुळसक्कांना जेवायला बोलावलं, ही त्यांनी त्या संध्याकाळच्या भांडणाबद्दल न बोलता मागितलेली माफी होती. देवाला नैवेद्य दाखवला. मग पाटांपुढे पानं मांडली आणि माई म्हणाल्या, "पहिला भात सुमनच्या हातचा. तिनं वाढायचा."

त्या दिवशी पहाटेही माझे डोळे काळोखातच उघडले होते. पाटा होताच छातीवर. हे चार दिवस मी रोज हसत होते, हसून माझे गाल दुखत होते. मी भाताचं पातेलं घेऊन माईंच्या पानासमोर वाकले. भाताची वाफ वर आली. माईंनी डोळे मिटून तो वास घेतला. लहान मुलीसारखा चेहरा झाला होता त्यांचा. मी डावात भात घेतला आणि माझा हात तिथेच थांबला.

वाढलं असतं तर काय बिघडलं असतं? माई जेवल्या असत्या. सगळे खूष झाले असते. पण मग त्या दिवसापासून मी बरी झालेली असणार होते. देवासमक्ष, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर पहाटे तो विचार आला तर मी तो कुणाला सांगणार होते? नवस फेडून झाल्यावर आजारी पडायला मला जागाच राहिली नसती. आणि तो विचार परत आला होता. कालच आला होता.

"वाढ ना," हे म्हणाले.

"माई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना. "मी बरी झाले नाही."

नंदू माझ्याकडे आणि आजीकडे आळीपाळीनं बघू लागली.

"डॉक्टरांना खोटं सांगितलं. झोप येत नाही. भूक लागत नाही. तुम्ही भात सोडलात म्हणून मी बरी झाल्याचं सोंग केलं. मला माफ करा. मला अजूनही वाटतं की मी नसावं."

यांच्या हातातलं फुलपात्र कलंडलं आणि पाणी पानांखालून वाहत गेलं. कुणी ते पुसायला उठलं नाही. तुळसक्कांनी नंदूला जवळ ओढून घेतलं. मी माईंकडे बघत होते. आता त्या पानावरून उठतील असं मला वाटलं. नवस अपुरा, मांडलेलं पान, घरी जेवायला आलेली बाहेरची बाई, आणि सून म्हणते मी खोटं बोलले. इतकी वर्षं एकही व्रत न मोडलेल्या बाईनं काय करावं? त्यांनी देवाच्या कोनाड्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे.

"वाढ," म्हणाल्या.

"पण माई, तुमचा नवस..."

"नवस मी बोलले होते. त्याला काय सांगायचं ते मी सांगेन, तू मधे पडू नकोस. वाढ, भात निवतोय."

मी वाढला. थोडी शितं पानाबाहेर सांडली. माईंनी त्यावर स्वतःच वरण घेतलं, तूप घेतलं, सावकाश कालवलं. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. पहिला घास त्यांनी तोंडात घातला, चावायला दात नव्हते तरी कितीतरी वेळ तो घोळवला, गिळला. मग दुसरा घेतला. सगळ्यांच्या देखत, मी बरी झालेली नसताना, माई जेवत होत्या.

"उद्या डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "सगळं खरं सांगायचं. आणि इथे माझ्या शेजारी बस. जेवू नकोस, नुसती बस."

मी बसले. त्यांनी उष्ट्या हातानं मला जवळ घेतलं नाही, पण सोवळ्यात असूनही डावा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"आता सावकाश बरी हो," माई म्हणाल्या. "माझं जेवण झालंय."